शिवणीतली माया

आमचे एक शेजारी मला गमतीने नेहमी म्हणत, "तुम्हां ख्रिस्ती लोकांचं बरं आहे. रविवारी सकाळी स्वच्छ कपडे घालून देवळात जाऊन आलं की आठवड्याची बेगमी झाली. आमचं बघा. सोमवारी शंकर, मंगळवारी गणपती, गुरुवारी दत्त, शुक्रवारी देवी, शनिवारी मारुती! देवाला विसरीन म्हटलं तरी सोय नाही." आणि मग मिस्कीलपणे विचारत, "रविवार सोडून उरलेले सहा दिवस तुम्ही त्या देवाचं करता तरी काय?"

प्रश्न थट्टेचा होता, पण थट्टेवारी नेण्याजोगा मुळीच नव्हता. ख्रिस्ती धर्माची खरी परीक्षा याच प्रश्नापाशी होते. रविवारी उपासनेत देवाचा मान राखणे तसे सोपे आहे. तिथे गीते असतात, प्रार्थना असते, पाळकसाहेबांचा उपदेश असतो, आणि शेजारच्या बाकावरचे लोक आपल्याकडे पाहत असतात. सोमवारी सकाळी दुकानाची फळी उघडली की यांतले काही उरत नाही. उरते गिऱ्हाईक, उरतो गल्ला, आणि उरतो आपला स्वभाव. तिथे देवाचा मान कसा राखायचा?

या प्रश्नाचे उत्तर मला कुठल्या ग्रंथात सापडण्याआधी घरात पाहायला मिळाले. माझे वडील शिंपीकाम करीत. नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, एका तालुक्याच्या गावी त्यांचे दुकान होते. दुकान कसले? एक पायमशीन, एक लाकडी फळी, भिंतीला दोन खुंट्या आणि कोळशाची इस्त्री. आता शिंप्याची कीर्ती आपल्याकडे काय आहे ती वाचकांना ठाऊकच आहे. 'सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा' असे आपले पूर्वज सांगून गेले. बाबा स्वतःच ही म्हण गिऱ्हाइकांना ऐकवीत आणि हसत हसत म्हणत, "सोनाराचं आणि अप्पांचं त्यांनी पाहावं. शिंप्यापुरतं बोलणं मला खोटं पाडायचं आहे."

बाबांचे शिक्षण मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत झालेले. धर्मशास्त्राचा त्यांचा अभ्यास म्हणजे रात्रीच्या प्रार्थनेच्या वेळी कंदिलाजवळ बसून पवित्र शास्त्रातला एक अध्याय वाचणे, एवढाच. पण एक गोष्ट त्यांच्या मनात पक्की बसली होती. ती म्हणजे येशू ख्रिस्त कारागीर होता.

ही गोष्ट आपण सगळे जाणतो, पण तिचा विचार क्वचितच करतो. लूक सांगतो की येशूने आपल्या कार्याला आरंभ केला तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता. त्याआधीच्या वर्षांची शुभवर्तमानांत फार थोडी हकीकत आहे. जन्म आणि बाळपणाच्या काही गोष्टी, बारा वर्षांचा असताना यरुशलेमच्या मंदिरात शास्त्र्यांशी झालेला संवाद, आणि मग आईबापांबरोबर नासरेथला परत जाऊन त्यांच्या आज्ञेत राहिल्याचा उल्लेख. बस्स! पुढची अठरा वर्षे मूक आहेत. मार्कच्या शुभवर्तमानात गावकरी त्याला 'सुतार' म्हणून ओळखतात. मूळ ग्रीक शब्द 'तेक्तोन'. सुतार, गवंडी, बांधकाम करणारा अशा कुणालाही तो लागू पडतो. दुसऱ्या शतकातल्या जस्टिन नावाच्या लेखकाने तर लिहून ठेवले आहे की तो नांगर आणि जू बनवीत असे.

बाबांना जस्टिन कुठून माहीत असणार! पण जुवाचा विचार त्यांनी आपल्या परीने केला होता. माझे जू सोयीचे आहे, अशा अर्थाचे येशूचे बोल मत्तयाने नोंदवले आहेत. ते वाचून बाबा म्हणत, "हे बोलणं कारागिराचंच. ज्यानं बैलाच्या मानेचं माप घेतलंय, त्यालाच कळतं की जू कुठं रुततं. तीस वर्षांतली बहुतेक त्यानं हातकामात घालवली. मग ती वर्षं काय फुकट गेली म्हणायची? देवबाप त्या कामावरही खूशच असणार."

या विश्वासाचा दुकानात काय परिणाम झाला तो सांगतो.

पहिली गोष्ट चिंध्यांची. शर्टाचे कापड बेतून झाले की हातभर तुकडा, दोन पट्ट्या, काही कोपरे उरतात. ते शिंप्याचे, असा अलिखित कायदा आहे. बाबा मात्र उरलेला प्रत्येक तुकडा पुडीत बांधून तयार कपड्याबरोबर परत करीत. गोरगरिबांच्या बायका त्या चिंध्या जपून ठेवीत आणि पावसाळ्याआधी त्यांच्या गोधड्या शिवीत. दुसरी गोष्ट वहीची. आलेले काम तारखेनिशी वहीत चढे, आणि वहीतला क्रम कधी मोडायचा नाही हा नियम. सावकार असो की सालगडी, ज्याचा नंबर त्याच्याच कपड्याला आधी कातर लागायची.

तिसरी गोष्ट मात्र वहीत दिसत नसे आणि पुडीतही दिसत नसे. ती मायेची.

शिंप्याच्या भाषेत 'माया' म्हणजे काय, हे आता तयार कपड्यांच्या जमान्यात कदाचित सांगावे लागेल. कापड जोडताना टिपेच्या आत जो जादा भाग दुमडून ठेवतात त्याला माया म्हणतात. बाहेरून ती दिसत नाही. पण मूल वाढले, माणूस सुटला, की शिवण उसवायची आणि आतली माया बाहेर काढायची. कपडा पुन्हा अंगाला येतो. माया ठेवायला कापड जास्त लागते आणि बेतताना डोके लावावे लागते. शिवाय मायेत शिंप्याचे उघड नुकसान असते. ज्या मुलाला यंदा नवा सदरा शिवला, तो पुढच्या वर्षी नव्या सदऱ्यासाठी येण्याऐवजी जुनाच मोठा करून घ्यायला येतो, आणि त्या कामाचे मिळतात चार आणे! बाबा मुलांच्या कपड्यांत दोन दोन बोटे माया सोडीत. म्हणजे स्वतःचे गिऱ्हाईक स्वतःच एक वर्ष लांबणीवर टाकीत. आईने एकदा हे बोलून दाखवले तेव्हा ते म्हणाले, "वरची शिवण गिऱ्हाईक बघतं. आतली कोण बघतो?" आई समजली, आणि पुन्हा तो विषय निघाला नाही.

मला वाटते, ख्रिस्ती आचरणातली एक जुनी अडचण या मायेपाशी सुटते. डोंगरावरच्या प्रवचनात येशूने दोन गोष्टी सांगितल्या आहेत आणि वरवर पाहता त्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत. पाचव्या अध्यायात तो म्हणतो की तुमचा प्रकाश लोकांपुढे पडू द्या, म्हणजे तुमची चांगली कामे पाहून ते तुमच्या स्वर्गातल्या पित्याचा गौरव करतील. आणि सहावा अध्याय उघडावा तर पहिलीच ताकीद अशी की लोकांनी पाहावे म्हणून धर्माचरण करू नका. उजवा हात काय देतो ते डाव्यालाही कळू नये. मग दाखवायचे की लपवायचे? शिंप्याला हे कोडे पडत नाही. माया दिसत नाही, पण ती असली की कपडा खांद्यावर नीट बसतो आणि दोन वर्षे जास्त टिकतो. लोकांना दिसतो तो टिकलेला कपडा. करणाऱ्याने आतली शिवण सांभाळावी, आणि ती कुणाच्या उपयोगी पडली तर कौतुक देवाकडे जाऊ द्यावे.

हे सगळे ऐकायला गोड वाटते. पण एका दिवाळीत या आचरणाची अशी ओढाताण झाली की ती मला जन्मभर पुरली.

फार वर्षांपूर्वीची ही हकीकत. दिवाळी म्हणजे आमच्या घरी सुगी. आमचा सण नाताळ, पण आमची चूल चालायची ती दिवाळीवर! त्या वर्षी नेमके दिवाळीच्या आठवड्यात बाबांना हिवताप भरला. चार दिवस ते अंथरुणावर होते. उठले तेव्हा शुक्रवार उजाडलेला, आणि नरकचतुर्दशी सोमवारी. ते वहीच्या क्रमाने कामाला लागले. शनिवारी संध्याकाळी एक बडे गिऱ्हाईक मागाहून आलेले कापड घेऊन आले आणि दुप्पट शिलाई देऊ लागले. बाबांनी हात जोडले. रात्री बारा वाजता वहीतले एकच नाव शिल्लक राहिले. ते बाजारातल्या एका हमालाचे होते. त्याच्या हातात पैसे उशिरा आले, म्हणून कापडही उशिरा आले, म्हणून नाव शेवटी. चार मुलांचे कपडे होते. "शनिवारी रात्री नक्की," असा बाबांनी त्याला शब्द दिला होता. पण तापातून उठलेल्या माणसाचे हात बारानंतर चालेनात. आईने जबरदस्तीने कंदील मालवला.

दुसरा दिवस रविवारचा. आमच्या घरी रविवारी मशीनवर चादर असे. ती चादर काढलेली मी कधी पाहिली नव्हती. त्या सकाळी देवळाची पहिली घंटा झाली तेव्हा बाबा अंघोळ करून, प्रार्थना करून मशीनवर बसले होते. आई म्हणाली, "मुलांना घेऊन मी पुढं होते." बाबांनी मान हलवली. दुसरी घंटा झाली तेव्हा आम्ही देवळाच्या पायऱ्यांवर होतो आणि मला खात्री होती की मशीनचा आवाज तिथपर्यंत ऐकू येतो आहे.

उपासना सुटल्यावर मंडळीतले एक वडीलधारे पंच आणि पाळकसाहेब दोघेही आमच्या दुकानाशी आले. बाबा उठून उभे राहिले. "सलाम, साहेब."

पंच म्हणाले, "मास्तर, तुम्ही शब्बाथ मोडलात. सगळ्या गावानं मशीन ऐकलं. उद्या लोक म्हणतील, ख्रिस्ती लोकांचा देव दिवाळीच्या शिलाईपुढं नमतो."

बाबांचा चेहरा उतरला. ते हळू म्हणाले, "ते म्हणतील खरं. पण साहेब, उद्या पहाटे त्या पोरांची पहिली अंघोळ आहे. मी शब्द दिला होता. ख्रिस्ती माणसानं शब्द दिला होता, असंही लोक म्हणतीलच."

पंचांना ते पटले नाही. पाळकसाहेब बराच वेळ फळीवरच्या छोट्या सदऱ्यांकडे पाहत होते. त्यांनी विचारले, "किती राहिलंय?"

"काज आणि बटणं."

"मग आम्ही बोलत बसून तुमचा वेळ घेत नाही. संध्याकाळच्या प्रार्थनेला या." एवढे बोलून ते निघाले.

संध्याकाळी बाबा प्रार्थनेला गेले आणि सगळ्यांत मागच्या बाकावर बसले. जाण्याआधी हमालाच्या घरी कपडे पोचले होते, चिंध्यांच्या पुडीसकट.

आज इतक्या वर्षांनी विचार करताना त्या पंचांचा मला राग येत नाही. त्यांचीही धडपड देवाचा मान राखण्यासाठीच होती. शब्बाथाची आज्ञा नीट वाचली तर तीत कष्टकऱ्याची केवढी काळजी आहे! त्या दिवशी तू काम करू नकोस, एवढेच ती सांगत नाही. तुझ्या दासाने, दासीने, तुझ्या घरी राहणाऱ्या परक्याने, अगदी तुझ्या बैलाने आणि गाढवानेही विसावा घ्यावा, असे ती सांगते. एकदा निमित्त काढून रविवारची चादर उचलली की दर रविवारी निमित्त सापडते, आणि मग पहिला बळी जातो तो नोकराचाच, ही पंचांची भीती खोटी नव्हती. पण शब्बाथ माणसासाठी झाला, माणूस शब्बाथासाठी नव्हे, हे सांगणाराही त्यांचा आणि आमचा प्रभूच होता. दोन्ही बाजूंना शास्त्र होते. अशा वेळी निवड करणाराच्या वाट्याला शांती येतेच असे नाही.

बाबांच्या वाट्याला ती आली नाही. मिशनच्या एका वसतिगृहाचे गणवेश दरवर्षी आमच्याकडे येत. पुढच्या जूनमध्ये ते दुसरीकडे गेले. त्या वर्षी घरात ओढाताण झाली. माझ्या मोठ्या बहिणीची शाळा एक वर्ष खंडली. त्या रविवारविषयी बाबांनी कधी फुशारकी मारली नाही. मी मोठा झाल्यावर एकदा विचारले, तेव्हा म्हणाले, "रविवारी मशीन चालवलं ते मला अजून बोचतं. पण शब्द मोडला असता तर जास्त बोचलं असतं. देवाला दोन्ही सांगितलंय." त्यानंतर ते गेले तोवर एकाही रविवारी मशीनवरची चादर निघाली नाही.

पुढे मी वाचू लागलो तेव्हा बाबांचे सगेसोयरे मला जागोजाग भेटू लागले. सहाव्या शतकात इटलीतल्या बेनेडिक्टने आपल्या मठासाठी जे नियम लिहिले, त्यांत मठाच्या कोठाराची व्यवस्था पाहणाऱ्याला बजावले आहे की मठातली सगळी भांडीकुंडी आणि हत्यारे वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी मान. म्हणजे कढई आणि कुदळही देवाचीच! सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे साधू होते. आधी शिपाई होते, लढाईत पाय जायबंदी झाला. मठात त्यांना स्वयंपाकघर दिले, आणि गंमत अशी की स्वयंपाकाची त्यांना मनापासून नावड होती. तरी पुष्कळ वर्षे त्यांनी ते काम देवाच्या प्रीतीखातर केले, आणि पुढे मठवासीयांच्या चपला सांधल्या. १६९१ साली ते वारले. भांड्यांच्या खडखडाटात देव त्यांना प्रार्थनेच्या वेळेइतकाच जवळ वाटे, हे त्यांच्या संभाषणांतून आणि पत्रांतून जगाला कळले.

इतक्या दूर जायलाही नको. आपल्या केडगावला पंडिता रमाबाईंनी काय केले? १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी निराधार मुली आणल्या आणि मुक्ती सदनात त्यांना नुसती प्रार्थना शिकवली नाही. शेती, विणकाम, शिवणकाम, छपाई असे हाताला काम दिले. सामान्य बायकांना समजेल अशा मराठीत पवित्र शास्त्र उतरवायचे म्हणून ही संस्कृत पंडिता हिब्रू आणि ग्रीक शिकली, आणि त्या भाषांतराचे खिळे मुक्ती सदनातल्या बायकांनीच जुळवले. १९२२ साली रमाबाई गेल्या त्या या कामातच गढलेल्या असताना. ज्यांना जगाने टाकून दिले होते त्यांच्या बोटांनी देवाचा शब्द छापला जावा, यापेक्षा मोठी उपासना कोणती?

आणि हे सारे मराठी मनाला परके मुळीच नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकोबांच्या पुलावरून, असे ते सांगत. अरणच्या सावता माळ्याने मळ्यातल्या भाजीत पांडुरंग पाहिला. गोरोबांनी मडकी घडवली, नरहरीने सोने घडवले. आपल्या संतांचे धंदे पाहिले की वाटते, महाराष्ट्रात भक्ती ही मुळातच कामाच्या हातांनी वाढली. बाबांना हे ठाऊक होते. म्हणूनच पंढरीला निघालेल्या वारकऱ्याची बंडी ते शिलाई न घेता शिवून देत आणि वर म्हणत, "वाटेत उसवली तर आत माया आहे."

मी स्वतः शिंपी झालो नाही. पस्तीस वर्षे शिक्षकी केली. आमच्या धंद्यात माया कुठे असते? उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात असते. पहिल्या दहा उत्तरपत्रिका कोणीही मन लावून तपासतो. रात्री अकरानंतर नव्वदाव्या पोराचे वाकडेतिकडे अक्षर समोर येते, डोळे मिटत असतात, आणि ती नीट वाचली की नुसती चाळली हे जगात कुणाला कळणार नसते. ती आतली शिवण. तिथे मला मशीनचा आवाज ऐकू येई आणि मी तोंडावर पाणी मारून पुन्हा बसे. दुकानदाराची माया तराजूच्या खालच्या अंगाला असेल, सुईणीची तिच्या धुतलेल्या हातांत, कारकुनाची 'उद्या या' न म्हणण्यात. ज्याची त्याने शोधावी.

त्या हमालाच्या घरून दिवाळीचा फराळ आमच्याकडे वर्षानुवर्षे येत राहिला आणि नाताळात आमच्या घरच्या करंज्या तिकडे जात राहिल्या. दुसऱ्या वर्षी दिवाळीआधी तो दुकानी आला तो नवे कापड न घेता. हातात तेच चार कपडे होते. पोरे वाढली होती. बाबांनी चष्मा लावला, सदरा उलटा केला आणि शिवण उसवायला घेतली. आतले कापड उन्हात गेले नव्हते. त्याचा रंग अजून नवा होता. हमाल ते पाहत राहिला. म्हणाला, "मास्तर, हे कधी ठेवलंत?"

बाबा म्हणाले, "त्या रविवारी."